ऑक्सिजन सेन्सर बदला म्हणाले, पण तो खरंच गेलाय का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. २०१८ ची १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, ८२ हजार किलोमीटर झालेत, महिनाभर चेक इंजिनची लाइट लागून आहे, अ‍ॅव्हरेज १७ वरून १३ वर आलाय, पिकअप जरा मंद वाटतो, स्कॅनरला पी ०१७१ (मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी) आणि पी ०१३१ असे दोन कोड आले आणि गॅरेजवाल्याने सांगितलं की दोन्ही ऑक्सिजन सेन्सर बदलावे लागतील. बदलू का, असं विचारलंय.

आत्ता नका बदलू. सेन्सर गेलेला असूही शकतो, पण गेलाय हे अजून कोणी तपासलेलंच नाही, फक्त कोड वाचलाय. पंचवीसएक वर्षं इंजिनचं काम करतोय, त्यात दुसरीकडे ऑक्सिजन सेन्सर बदलून आलेल्या आणि तरीही लाइट लागलेल्या गाड्या इतक्या बघितल्यात की हा विषय आला की मला राहवत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, असला प्रकार होतो आणि पैसे गाडीवाल्याचे जातात.

दोन्ही सेन्सर बदला हे तर मुळातच पटत नाही. तुमची गाडी बीएस-फोर आहे, त्यात एक सेन्सर कॅटच्या, म्हणजे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, आधी असतो आणि एक नंतर. पेट्रोल किती टाकायचं हे ठरतं ते पुढच्यावर, मागचा मुख्यतः कॅट नीट काम करतंय का हे बघायला असतो. पी ०१३१ हा पुढच्या सेन्सरचा कोड आहे, व्होल्टेज खाली अडकून बसलंय असा त्याचा अर्थ. मागच्याबद्दल एकही कोड नाही, मग तो कशाला काढायचा? आणि वयाचं म्हणाल तर हीटरवाले सेन्सर साधारण दीड लाख किलोमीटरच्या आसपास चालतात असं धरतात, ८२ हजाराला नुसत्या वयाने गेला हे होऊ शकतं पण माझ्या यादीत ते पहिलं कारण नाही.

आता हा सेन्सर करतो काय ते कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. आत झिर्कोनियाचं टोपण असतं, एका बाजूला धूर आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये फरक जास्त असेल तर ते स्वतःच व्होल्टेज तयार करतं. धुरात ऑक्सिजन कमी, म्हणजे मिश्रण रिच (पेट्रोल जास्त), तर ०.८ ते ०.९ व्होल्ट. धुरात ऑक्सिजन जास्त, म्हणजे लीन, तर ०.१ च्या आसपास. मधला बिंदू ०.४५. इंजिन गरम झाल्यावर पुढचा सेन्सर सतत वर-खाली, वर-खाली करत राहिला पाहिजे. १९७६ मध्ये बॉशने हा सेन्सर बनवायला घेतला आणि व्होल्वोच्या गाड्यांत तो पहिल्यांदा बसला, तेव्हापासून मूळ तत्त्व हेच आहे. तापल्याशिवाय, म्हणजे तीनशे-साडेतीनशे डिग्रीशिवाय तो काम करत नाही, म्हणून त्यात हीटर दिलेला असतो.

यातली मुद्द्याची गोष्ट अशी की सेन्सर पेट्रोल मोजत नाही, तो फक्त उरलेला ऑक्सिजन मोजतो. तो ऑक्सिजन कुठून आला हे त्याला कळत नाही. सायलेन्सरच्या जॉइंटमधून बाहेरची हवा आत शिरली तरी तो लीनच म्हणणार, एखादा प्लग मिस मारत असेल तर न जळलेल्या सिलिंडरमधला सगळा ऑक्सिजन तसाच बाहेर येतो, तेव्हाही तो लीनच म्हणणार. सेन्सर दोन्ही वेळेला खरं बोलतोय पण ईसीयूचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा, गैरसमज होतो, त्याला वाटतं पेट्रोल कमी पडतंय आणि तो आणखी ओतत सुटतो.

म्हणून तुम्ही सांगितलेल्या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटलं तर अ‍ॅव्हरेज. नीट विचार करा, मिश्रण खरोखर लीन असतं, समजा पंप कमी प्रेशर देतोय, तर ईसीयू इंजेक्टर जास्त वेळ उघडून ते बरोबरीला आणतो, इंजिनला मिळणारं पेट्रोल शेवटी जेवढं पाहिजे तेवढंच होतं, मग अ‍ॅव्हरेज १७ वरून १३ वर येण्याचं कारण नाही. पण लीन हे खोटं असेल, सेन्सर खाली अडकलेला असेल किंवा एक्झॉस्टमध्ये बाहेरची हवा येत असेल, तर मिश्रण आधी बरोबरच होतं आणि त्यावर ईसीयू वीस-पंचवीस टक्के जास्तीचं ओततोय. अ‍ॅव्हरेज तिथे जातोय. म्हणजे कोड लीनचा आणि इंजिन प्रत्यक्षात रिच, असा माझा अंदाज आहे.

हे तपासायला स्कॅनरसुद्धा लागत नाही. प्लग काढा. चारही प्लग कोरड्या काळ्या काजळीने भरलेले असतील, सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवल्यावर बोट काळं होत असेल, तर इंजिन रिच चाललंय आणि लीनचा कोड खोटा आहे, मग शोध सेन्सर, त्याची वायरिंग आणि एक्झॉस्ट लीक एवढ्यापुरता उरतो. प्लग पांढरट किंवा नेहमीसारखे बदामी असतील तर लीन खरं असण्याची शक्यता जास्त, मग सेन्सर बिचारा बरोबर सांगतोय. चारातला एकच ओला किंवा वेगळा दिसला तर मिसिंगकडे बघा, कॉइल, प्लग, इंजेक्टर. पाच मिनिटांचं काम आहे आणि कोणी करत नाही.

मग स्कॅनर लावा, साधा ब्लूटूथवाला डोंगल आणि मोबाईल असला तरी चालेल. इंजिन पूर्ण गरम करा, रेडिएटरचा फॅन एकदा चालू होऊन बंद होऊ द्या. आधी कूलंटचं तापमान बघा, ८५-९० च्या आसपास यायला पाहिजे. हे मुद्दाम सांगतोय कारण आपल्याकडे गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट (कूलंटचं तापमान राखणारा व्हॉल्व्ह) काढूनच टाकायची फार वाईट सवय आहे, मग इंजिन कायम साठ-पासष्टला चालतं, ईसीयूला वाटतं अजून थंड आहे, तो जास्त पेट्रोल देत राहतो आणि अ‍ॅव्हरेज पडला म्हणून सेन्सरवर संशय. तुमच्याकडे कोणी काढलाय का ते विचारा. त्यानंतर फ्युएल सिस्टीम ‘क्लोज्ड लूप’ दाखवतेय का बघा, ओपन असेल तर ईसीयू सेन्सरचं ऐकतच नाहीये.

मग ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोलमध्ये किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म असे दोन आकडे असतात, दोघांची बेरीज करायची. अधिक म्हणजे ईसीयू पेट्रोल वाढवतोय, उणे म्हणजे कमी करतोय. बेरीज पाचच्या आत असली तर छान, दहाच्या पुढे गेली की काहीतरी आहे, तुमच्याकडे पी ०१७१ आलाय म्हणजे वीस-पंचवीसच्या घरात असेल. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा, आता पंपावर ई-२० मिळतंय. शुद्ध पेट्रोलला १ किलोमागे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९, त्यामुळे २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला ती साडेतेराच्या आसपास येते. ई-१० धरून ट्यून केलेल्या गाडीत त्यामुळे ट्रिम चार-पाच टक्के वरच दिसणार, आणि थोडा अ‍ॅव्हरेजही त्याने कमी होणार. तो सेन्सरचा दोष नाही. पण २५ टक्के ट्रिम आणि १७ चे १३ एवढा फरक इथेनॉलने होत नाही.

ट्रिम दोनदा लिहून घ्या, एकदा आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) आणि एकदा २५०० आरपीएमला अर्धा मिनिट धरून. आयडलला खूप वर आणि रेस दिल्यावर कमी झाली तर कुठेतरी हवेची गळती आहे. उलट रेस दिल्यावर, लोडवर वाढत गेली तर पेट्रोल पुरत नाहीये, पंप, फिल्टर, इंजेक्टर. दोन्हीकडे सारखीच वर चिकटून असेल तर मी सेन्सर आणि त्याच्या वायरीकडे बघतो.

हवेच्या गळतीबद्दल मला जरा थांबून सांगायचंय, कारण बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघून आपली पोरं इथे फसतात. त्या व्हिडिओत पी ०१७१ आला की लगेच इनटेकच्या पाइपांवर स्प्रे मारून व्हॅक्यूम लीक शोधतात. ते बरोबर आहे, पण आत येणारी हवा थेट मोजणाऱ्या एअर मास सेन्सरवाल्या इंजिनला. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत एअर मास मीटर नसतोच, मॅप सेन्सर असतो, तो इनटेक मॅनिफोल्डमधलं प्रेशर मोजतो. तिथे पाइप फाटला आणि जास्तीची हवा आत आली तर मॅपला ती दिसते, ईसीयू त्या हिशोबाने पेट्रोल देतो, परिणाम काय तर आयडल वाढतो, लीनचा कोड सहसा येत नाही. म्हणून तुमच्या गाडीत मॅप असेल आणि आयडल नेहमीसारखाच असेल, तर इनटेकवर दिवसभर स्प्रे मारत बसण्यात अर्थ नाही. गळती शोधायची ती एक्झॉस्टच्या बाजूला.

ती अशी शोधायची. सकाळी थंड इंजिन चालू करा आणि बॉनेट उघडून ऐका. एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळून टिक-टिक-टिक आवाज येतो आणि गरम झाल्यावर धातू फुगून तो बंद होतो, ही गॅस्केट लीकची किंवा मॅनिफोल्डला बारीक चीर गेल्याची खूण. जॉइंटवर काळा डाग पण दिसतो. तरी शंका असेल तर इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या तोंडाला ब्लोअर लावा, कडेने कापड कोंबा, आणि हेडपासून सेन्सरपर्यंत प्रत्येक जॉइंटवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे आले की सापडलं. लोकांना वाटतं लीक असेल तर धूर बाहेर जाईल, हवा आत कशी येईल. पण धूर सलग येत नाही, धक्क्याधक्क्याने येतो, दोन धक्क्यांच्या मध्ये क्षणभर ओढ बसते आणि बाहेरची हवा आत खेचली जाते. माझ्याकडे एक गाडी आली होती, त्याच कोडसाठी दुसरीकडे दोनदा सेन्सर बदलून झालेला, निघालं काय तर आधी कधीतरी हेडचं काम करताना मॅनिफोल्डचे दोन नट हाताने लावून आवळायचे राहिलेले. नवीन गॅस्केट टाकून नट आवळले, विषय संपला.

आता सेन्सर स्वतः ठीक आहे का, याची सगळ्यात सोपी परीक्षा रस्त्यावर होते, काही खोलावं लागत नाही. दुसरा माणूस बरोबर घ्या, गाडी चालवताना स्वतः मोबाईलमध्ये बघू नका. डोंगलवर फक्त पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज हा एकच आकडा ठेवा, दहा आकडे लावले की स्वस्तातला डोंगल इतका हळू होतो की सेन्सर आळशी आहे का डोंगल हेच कळत नाही. घाट उतरताना, तुम्ही साताऱ्याकडचे म्हणजे खंबाटकी जवळच आहे, गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडा. ईसीयू पेट्रोल बंद करतो, सायलेन्सरमधून नुसती हवा जाते, सेन्सरने जवळजवळ शून्य दाखवलं पाहिजे. मग मोकळ्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा, बीएस-फोर गाड्या अशा वेळी मुद्दाम रिच करतात, सेन्सर ०.८ च्या वर गेला पाहिजे आणि पटकन गेला पाहिजे. दोन्ही टोकं गाठतोय तर सेन्सर जिवंत आहे, त्याला हात लावू नका. पूर्ण दाबूनही ०.१-०.२ ला चिकटून बसला आणि प्लग मात्र काळे आहेत, तर सेन्सर किंवा त्याची वायर, दोनातलं एक.

त्या दोनातलं कोणतं हे कपलर काढून कळतं. इग्निशन चालू, इंजिन बंद, सेन्सरचा कपलर सोडवा आणि स्कॅनरवर बघा. बऱ्याच गाड्यांत ईसीयू स्वतःहून ०.४५ च्या आसपास व्होल्टेज पाठवत असतो, काही कंपन्यांचा आकडा वेगळा असतो तो मॅन्युअलमध्ये मिळेल. कपलर काढल्यावर आकडा तिथे आला तर ईसीयूपासूनची वायर ठीक, दोष सेन्सरकडे. काढूनही शून्याला चिकटून राहिला तर वायर कुठेतरी बॉडीला लागलीये, इन्सुलेशन सायलेन्सरला टेकून वितळलंय किंवा उंदरांनी कुरतडलंय. पावसाळ्यात बाहेर उभ्या गाड्यांत उंदीर इंजिनच्या उबेला येऊन बसतात आणि हाताला लागतील त्या वायरी खातात, मी दरवर्षी अशा गाड्या बघतो. अशा गाडीत नवीन सेन्सर लावून काय होणार? कपलरमध्ये पाणी, हिरवा गंज हेही बघा. पण एक काळजी घ्या, कपलरमध्ये ऑइलचे स्प्रे किंवा ग्रीस भरू नका, बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या तारांमधूनच मिळते, तो रस्ता बुजला की चांगला सेन्सरही चुकीचं दाखवायला लागतो. जोड द्यायचाच असेल तर सोल्डर न करता क्रिम्प करा, त्याच कारणासाठी.

चार वायरींच्या सेन्सरमध्ये बहुतेक वेळा सारख्या रंगाच्या दोन वायरी हीटरच्या असतात. कपलर काढून सेन्सरच्या बाजूने त्या दोघींमध्ये रेझिस्टन्स मोजा, थंड असताना काही ओहम, साधारण ३ ते १५ च्या मध्ये मिळतो. ओपन दाखवला तर हीटर गेला. मात्र सिग्नलच्या वायरींवर ओहमवर मीटर कधीही लावू नका, मीटरचा करंट सेन्सर खराब करू शकतो. गाडीच्या बाजूने हीटरच्या सप्लायवर १२ व्होल्ट बघायचे ते मीटरपेक्षा बल्बच्या टेस्टरने बघा, गंजलेली वायर मीटरला १२ दाखवते पण बल्ब पेटवू शकत नाही. तुमच्या कोडमध्ये हीटरचा पी ०१३५ नाहीये, त्यामुळे इथे फार वेळ घालवू नका. ज्यांना तो आलाय त्यांनी सगळ्यात आधी फ्यूज बघावा.

प्लग बघितल्यावर लीन खरं निघालं तर फ्युएल प्रेशर गेज लावून घ्या. पोर्ट इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत ३ ते ४ बार असतं, नेमका आकडा तुमच्या मॉडेलचा बघा. आयडलला प्रेशर ठीक आणि लोडवर पडतंय असं पण होतं, म्हणून गेज लावून गाडी चालवून बघणारा मिस्त्री शोधा.

आणि सेन्सरच गेलाय हे सिद्ध झालं तर तो काढल्यावर फेकू नका, टोक बघा, तो का मेला हे तिथे दिसतं. काळी कोरडी काजळी म्हणजे इंजिन रिच चाललंय. तपकिरी-करडी राख म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा थर म्हणजे सिलिकॉन किंवा कूलंट. एकदा एका माणसाचा नवीन सेन्सर दोन महिन्यांत गेला, टोक पांढरं, विचारल्यावर कळलं की टॅपेट कव्हरची गळती हार्डवेअरच्या दुकानातलं साधं सिलिकॉन लावून थांबवलेली, त्याची वाफ ब्रीदरमधून इंजिनमध्ये जात होती. कव्हर साफ करून सेन्सरला चालणारं सीलंट लावेपर्यंत तिसरा सेन्सर लावायला मी नकार दिला. पांढरा थर असेल आणि कूलंटची पातळीही कमी होत असेल तर आधी हेड गॅस्केट तपासा.

काढलेला सेन्सर मी एकदा टॉर्चवर पण बघतो. पकडीत धरून टोक निळ्या ज्योतीत मिनिटभर लाल होईपर्यंत तापवायचं, सिग्नलच्या दोन वायरींना मीटर डीसी व्होल्टवर लावायचा, ज्योतीत ०.६ च्या वर जायला हवं आणि ज्योत बाजूला केली की लगेच खाली. ज्योतीतही हलला नाही तर मेला. पेट्रोलमध्ये किंवा अ‍ॅसिडमध्ये बुडवून साफ करण्याच्या नादी लागू नका, मी सुरुवातीच्या काळात करून बघितलंय, वरची काजळी जाते, आतलं काही सुधारत नाही.

हे सगळे व्होल्टेजचे आकडे साध्या सेन्सरचे आहेत. पाच वायरींचा सेन्सर असेल, किंवा स्कॅनर व्होल्टऐवजी लॅम्डा (१ म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण बरोबर) किंवा मिलीअँपिअर दाखवत असेल, तर तो वाइडबँड आहे, त्यात ०.१ ते ०.९ शोधू नका, तिथे लॅम्डा १ च्या आसपास राहतो का आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर एकदम वर जातो का ते बघायचं. तुमच्या गाडीत बहुतेक साधाच असेल.

नवीन लावताना कंपनीच्या पार्ट नंबरचाच घ्या, वायर कापून जोडायचा युनिव्हर्सल नको. जुना कोमट इंजिनवर, खाचवाल्या २२ च्या सॉकेटने काढा, थंड इंजिनवर जोर लावला तर आटे येतात बाहेर. कोड पुसून टाका म्हणजे ट्रिम शून्यापासून परत शिकेल, आणि काळे प्लग साफ करा किंवा बदला.

सध्या तुम्ही एवढंच करा, चार प्लगचा फोटो, आयडलची आणि २५०० ची ट्रिम, घाट उतरताना आणि चढाला पूर्ण दाबल्यावरचं व्होल्टेज, आणि सकाळच्या थंड स्टार्टला टिक-टिक येतो का नाही, हे कळवा. सीएनजी किट असेल तर तेही सांगा, मग पेट्रोलवरचे आणि गॅसवरचे आकडे वेगवेगळे घ्यावे लागतील. दोनेक दिवस लाइट लागलेली असताना गाडी चालवली तर चालेल, पण लाइट ब्लिंक करायला लागली तर चालवू नका, ते मिसिंग असतं आणि न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन कॅट वितळतं, आणि त्याची किंमत सेन्सरच्या कितीतरी पट आहे.